कातेवर आलेला साप आणि पेटीतला ओलावा

लातूरला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मे महिन्यातल्या एका संध्याकाळी माझ्यासमोर वर्तमानपत्राची पुडी उघडली. तिच्यात कांद्याच्या वाळलेल्या सालीसारखे पंधरा-वीस तुकडे होते. त्याने पाळलेल्या बॉल पायथनची, म्हणजे आफ्रिकेतल्या एका लहान अजगराची, ती कात होती. मी ते तुकडे पाण्यात भिजवून काचेवर पसरले आणि आधी डोक्याचा भाग शोधला. एका डोळ्याच्या जागी घड्याळाच्या काचेसारखा बारीक, फुगीर, पारदर्शक खवला होता. दुसऱ्या डोळ्याच्या जागी मात्र नुसते गोल भोक होते. शेपटीच्या टोकाचा तुकडा तर कुठेच सापडला नाही. जे कातेत नाही ते अजून सापाच्या अंगावर आहे, हा त्याचा सरळ अर्थ. ‘सर, मी दिवसातून तीनदा पाणी फवारतो, आर्द्रतामापकाचा काटा साठ टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही,’ असे तो कळवळून सांगत होता आणि त्यात खोटे काही नव्हते. चूक कष्टांत नव्हती. ओलावा म्हणजे काय हे समजून घेण्यात होती.

कात म्हणजे सापाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर. तो झिजत आला की त्याच्या खाली त्याच मापाचा नवा थर पूर्ण तयार होतो आणि मग जुना व नवा यांच्या मध्ये पातळ द्रव व विकरे जमून दोन्ही थर सुटे होऊ लागतात. या दिवसांत अंगाचा रंग मळकट होतो आणि डोळे दुधाळ निळसर दिसतात, कारण सापाला पापण्या नसतात आणि डोळ्यावरचा पारदर्शक खवलाही कातेबरोबरच सुटायचा असतो. आपल्याकडे अशा सापाला ‘कातेवर आलेला’ म्हणतात. त्याला या काळात नीट दिसत नाही, म्हणून तो बुजरा होतो किंवा चटकन अंगावर येतो. त्याला हाताळू नये आणि भक्ष्यही देऊ नये. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखा माणूस तेव्हा सारे आटोपले असे समजतो, पण खरी कात त्यानंतर दोन-चार दिवसांनी निघते. साप ओठांची कड दगडाला किंवा लाकडाला घासून सुरुवात करतो आणि पायमोजा उलटा काढावा तशी कात मागे सोडत पुढे सरकतो. मधला थर ओलसर आणि जुनी त्वचा लवचिक असेल तर ती नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघते. खवल्यांच्या मधली घडी उलगडून ताणली जात असल्याने ती सापाहून लांबही भरते. हवा कोरडी असेल, किंवा साप आतूनच पाण्याला मुकलेला असेल, तर ती जागच्या जागी वाळते, चिरते आणि तुकड्यातुकड्याने निघते.

सापाच्या अंगावर खवले आहेत, मग त्याला कोरड्या हवेचे काय भय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. पाणी अडवण्याचे काम मुख्यतः खवले करीतच नाहीत. जन्मतःच खवले नसलेला एक साप १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासला गेला, तेव्हा त्याच्या अंगातून होणारे बाष्पीभवन खवले असलेल्या त्याच जातीच्या सापांपेक्षा जास्त आढळले नाही. पाणी अडते ते बाह्यत्वचेतल्या स्निग्ध पदार्थांच्या अतिशय पातळ थरांमुळे. ते थर काढून टाकल्यावर त्वचेतून पाणी झपाट्याने निसटते, हे प्रयोगाने दिसले आहे. शिवाय श्वासावाटे बाहेर पडणारी हवा दमट असते, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक थोडे पाणी खर्ची पडतेच. सापाचे शरीर पाण्याची काटकसर किती करते, हे त्याच्या विष्ठेबरोबर पडणाऱ्या पांढऱ्या खड्यांवरून कळते. आपण मूत्र द्रवरूपात टाकतो. साप तेच युरिक आम्लाच्या रूपात जवळजवळ घट्ट टाकतो. हे खडे टणक, पिवळसर आणि खडूसारखे कोरडे पडू लागले तर कात अडण्याच्या आधीच सावध व्हावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. धामण, नाग, मांडूळ, दिवड किंवा आपल्याकडचा दुसरा कोणताही साप घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असावा असेच माझे मत आहे. रानातल्या सापाला पेटीत सुख देता येत नाही. हा लेख आधीच कायदेशीरपणे पाळलेल्या परदेशी जातींपुरता आहे. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो, त्यामुळे २०२२ च्या कायदा-दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर करावी लागते.

आता हवेकडे वळू. आर्द्रतामापकावर दिसणारा आकडा हवेतल्या पाण्याचे वजन सांगत नाही. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ सामावू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे, एवढेच तो सांगतो, आणि ही सामावण्याची क्षमता उष्णतेबरोबर वेगाने वाढते. एक घनमीटर हवा १२ अंश सेल्सिअसला साधारण १०.७ ग्रॅम वाफ धरू शकते, ३० अंशांना ३०.४ ग्रॅम आणि ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. डिसेंबरातली परभणीकडची पहाट आठवून पाहा. हरभऱ्याच्या रानावर दहिवर पडलेले असते, आंब (हरभऱ्याच्या पानांवरचे आंबट दव) धरण्यासाठी पिकावरून फिरवलेले धोतराचे फडके पिळण्याइतके भिजते, आणि हवा वाफेने काठोकाठ भरलेली असते. पण तीच १२ अंशांची, शंभर टक्के दमट हवा घरात येऊन सापाच्या पेटीत हीट मॅटमुळे, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईमुळे, ३० अंशांना तापली, की वाफेचा एक कणही कमी न होता तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ३५ टक्क्यांवर येते. बाहेर दव आणि पेटीत वाळवंट, अशी ही अवस्था असते. म्हणूनच मराठवाड्यात कात अडण्याचे प्रकार नुसत्या उन्हाळ्यापुरते नसतात, हिवाळ्यातही होतात. आणि हिवाळ्यात कुणाला त्याचा संशयही येत नाही.

उन्हाळ्याचे गणित उघडच कठोर आहे. चाळीस अंशांच्या दुपारी हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर एका घनमीटरमध्ये आठ ग्रॅमही पाणी नसते. त्यात घरात एसी असेल तर तो हवेतली वाफ थंड नळीवर निववून थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो आणि आधीच कमी असलेले पाणी आणखी कमी करतो. कूलर उलट काम करतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीतून ओढलेली हवा तो थंड आणि दमट करून सोडतो, म्हणून सापाच्या खोलीत तो बरा. मात्र त्याचा झोत थेट पेटीच्या जाळीवर येऊ देऊ नये, कारण वाहती हवा पेटीतला ओलावा पुसून नेते आणि तापमानही पाडते. पंप बंद पडून नुसता पंखा चालू राहिला तर कूलरही कोरडाच.

अशा मुलखात आपले साप कसे तगतात, हे पाहिले की पुढची वाट सापडते. उन्हाळ्यात सर्पमित्राला बोलावणे येते ते बहुतेक वेळा रांजणामागून, मोरीतून, कूलरखालून किंवा गोठ्यातल्या हौदाशेजारून. रानात असतील तर ते उंदरांच्या बिळांत, बांधाच्या दगडांखाली, काळ्या जमिनीच्या खोल भेगांत उतरतात. वर माती भाजत असली तरी हात-दोन हात खाली ती थंड आणि ओलसर असते, आणि बंद बिळातली हवा त्या ओलाव्याने भरलेली राहते. बॉल पायथन मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला. तिथेही तो दिवसाचा बराच वेळ कृंतकांच्या बिळांत आणि वारुळांत काढतो. त्या प्रदेशाच्या हवामानाचा आकडा एक असतो आणि साप प्रत्यक्ष ज्या हवेत श्वास घेतो तिचा आकडा दुसरा असतो. सापाला सगळीकडे सारखा दमटपणा लागत नाही. त्याला कोरडी जागाही लागते आणि ओली जागाही, आणि केव्हा कुठे जायचे हे त्याचे त्याला ठरवता यावे लागते.

माझ्या विद्यार्थ्याची फवारणी नेमकी इथे फसत होती. फवारल्यावर काटा वर जाई, अर्ध्या-पाऊण तासात पाणी जाळीतून उडून जाई आणि काटा पुन्हा खाली येई; मधल्या वेळात पृष्ठभाग भिजलेला आणि हवा पुन्हा कोरडी. त्याचा गोल काट्याचा आर्द्रतामापक पेटीच्या वरच्या कडेला, फवाऱ्याच्या मार्गातच चिकटवलेला होता. आम्ही तो आधी तपासला. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घातले आणि ते झाकण व मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवले. अशा ओल्या मिठावरची हवा घरच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सकाळी काटा ८८ वर होता. म्हणजे ज्याला तो साठ समजत होता ते पन्नाशीच्याही खाली असणार. मग साधे डिजिटल मापक दोन घेतले. एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, दोन्ही सापाच्या उंचीवर, तळाजवळ.

पेटीत बदल फार केले नाहीत. जाळीच्या झाकणाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्याने झाकला आणि उरलेला हवेसाठी मोकळा ठेवला. वर्तमानपत्राऐवजी तळाशी चार बोटे जाडीचे कोकोपीट पसरले आणि पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांतून ओतले, जेणेकरून खालचा थर ओलसर राहावा आणि साप ज्यावर पडतो तो वरचा थर कोरडा राहावा. खालचे पाणी मग सावकाश, दिवसभर वाफ होऊन वर येते. फवाऱ्याचे तसे होत नाही. पाण्याचे भांडे उथळ पण रुंद घेतले, कारण बाष्पीभवन पाण्याच्या खोलीवर नसून उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुंभाराच्या आव्यातली निघाली. फुटक्या माठाचा अर्धा भाग विद्यार्थ्याने कडा घासून गुळगुळीत केला, पाण्यात दोन तास भिजवला आणि पेटीच्या मध्यावर, किंचित उबदार बाजूकडे, पालथा घातला. आत मूठभर ओले मॉस, तेही असे की पिळल्यावर थेंब पडू नये. झिलई न दिलेले, साधे मातीचे खापर पाणी शोषते आणि आतल्या बाजूनेही सोडते, त्यामुळे त्याखालची हवा ८० टक्क्यांच्या आसपास राहते, बाकी पेटी ५५-६० वर असली तरी. एक दक्षता मात्र हवी. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हे खापरही गार होते. म्हणून ते अगदी थंड टोकाला ठेवले तर साप ओलाव्यासाठी आत जाऊन थंडीने आखडतो. आतले तापमान मोजून जागा ठरवावी.

सगळ्या सापांना हेच माप लागू करू नये. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्क्यांच्या हवेत चालते, केनियातल्या सँड बोआला त्याहून कोरडी हवा मानवते. ओलसर दडण मात्र कात टाकण्याच्या दिवसांत तिघांनाही द्यावे.

जून उलटला की सारी चिंता उलटी होते. जुलैत बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीच्या ३२ अंशांच्या उबदार बाजूला सुमारे ६१ टक्के भरते, ते उत्तम. पण तापवलेली नसते त्या बाजूला ती ८५ टक्केच राहते आणि तिथे पाणी घातलेले कोकोपीट सुकतच नाही. उन्हाळ्यातली सवय म्हणून लोक पाणी घालीत राहतात आणि पांढरी बुरशी दिसली की घाबरतात. ओल्या तळावर सतत पडून राहिल्याने पोटाकडच्या रुंद खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग आणि फोड येतात, पुढे तिथे जिवाणूंचा संसर्ग होतो. ओलसर, थंड आणि कोंदट हवा श्वसनाच्या आजाराला आमंत्रण देते. सापाला आपल्यासारखे श्वासपटल नसल्याने खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तोंड उघडे ठेवणे, मान वर धरून बसणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज, ओठांवर बुडबुडे, यांतले एकही लक्षण दिसले तर वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. पावसाळ्यात झाकण अधिक उघडावे, तळाचा थर पातळ करावा, ओले दडण कात जवळ आल्यावरच ठेवावे. आणि आपल्याकडे पाऊस खंड देतो, हे विसरू नये; ऑगस्टात तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले तर पेटीची व्यवस्थाही पुन्हा बदलावी लागते. कॅलेंडर पाहून हे करता येत नाही, मापक पाहूनच करावे लागते.

राहिला प्रश्न अंगावर अडकलेल्या तुकड्यांचा. ते चिमट्याने ओढू नयेत. खालची त्वचा कच्ची असते आणि ओढल्यास जखम होते. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात, २८ ते ३० अंशांच्या कोमट पाण्यात, सापाच्या अर्ध्या जाडीपर्यंत बुडेल एवढ्या उथळ, अर्धा तास त्याला डोळ्यांसमोर ठेवले आणि मग ओल्या पंच्यातून सावकाश सरकू दिले, तर बहुतेक तुकडे कापडालाच चिकटून येतात. शेपटीच्या टोकावरचे कडे आम्ही असे दोन दिवसांत सोडवले. ते राहिले असते तर वाळून आवळत जाते, रक्तपुरवठा तोडते आणि टोक काळे पडून गळते. डोळ्यावरच्या खवल्याला मात्र हात लावला नाही. तो उपटताना त्याखालचा नवा खवलाही फाटला तर डोळा कायमचा जातो. पुढच्या कातेबरोबर तो सुटण्याची शक्यता चांगली असते, आणि तेव्हाही न सुटल्यास ते काम सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याचे.

पुढची कात जुलैच्या मध्यात निघाली. डोळे दुधाळ झाले त्या दिवसापासून साप खापराखालून फारसा हललाच नव्हता. सकाळी विद्यार्थ्याला ती खापराच्या कडेशी सापडली, एकसंध. त्याने ती उजेडात धरून मला फोनवर फोटो पाठवला. अडकलेल्या डोळ्याच्या जागी एकावर एक असे दोन पारदर्शक खवले होते.