सहा फूट पाऊण इंच

२०१४ च्या फेब्रुवारीत इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये पिट्सबर्गच्या एका तरुणाची मापं घेतली गेली. उंची सहा फूट पाऊण इंच. वजन २८५ पौंड, म्हणजे १२९ किलो. हाताची लांबी साडेबत्तीस इंचांहून जेमतेम जास्त. एवढा गडी आपल्या गल्लीतून चालत गेला तर लोक वळून बघतील. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये तो ज्या जागेवर खेळायचा, त्या जागेच्या मानानं तो लहान ठरला. तरुणाचं नाव ॲरन डोनाल्ड. पुढच्या दहा हंगामांत तीन वेळा तो एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्या दिवशी टेपनं दाखवलेलं माप अगदी बरोबर होतं, तरीही त्यातून काढलेला अर्थ चुकला. तो का चुकला, हे समजून घ्यायला थोडं पदार्थविज्ञान आणि थोडं संख्याशास्त्र पुरतं.

आधी या माणसाचं काम काय ते पाहू. या खेळात प्रत्येक चाल थांबलेल्या स्थितीतून सुरू होते. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्यांचे पाच धिप्पाड खेळाडू आपल्या क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारखे उभे राहतात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार. समोरच्या बाजूला तीन किंवा चार जण जमिनीला हात टेकून, ओणवे होऊन, ही भिंत फोडायला टपलेले असतात. हे डिफेन्सिव्ह लाइनमन. मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. बहुतेक वेळा अडीच-पावणेतीन सेकंदांत चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेला असतो. तो सुटायच्या आत त्याला मागच्या मागे पाडलं, तर त्याला सॅक म्हणतात. लाइनमनची सगळी कमाई त्या अडीच सेकंदांतली.

लाइनमन आणि त्याला अडवणारा एकमेकांना भिडतात तेव्हा नेमकं काय होतं? प्रशिक्षक एकच गोष्ट पुन:पुन्हा ओरडून सांगतात: खाली रहा. कुस्ती पाहिलेल्या माणसाला याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. जो खालून शिरतो, त्याचा जोर लागतो. शाळेत कुस्ती खेळलेल्या मुलांकडे फुटबॉलचे निवडकर्ते म्हणूनच मुद्दाम लक्ष ठेवतात. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाकडून खेळलेला स्टीफन नील कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तो कुस्तीतला राष्ट्रीय विजेता होता, आणि त्या बळावर या लीगमध्ये उभा राहिला.

खाली राहण्यामागचं गणित फार सुंदर आहे. समजा, दोघंही १४० किलोंचे आहेत. त्यातला एक जण खालून वर, तिरका धक्का देतो, आणि त्या धक्क्यातला उभा भाग ४० किलो वजन उचलण्याइतका आहे. समोरच्याच्या पायांवरचा भार तेवढ्यानं हलका होतो. आता जमीन त्याला जणू १०० किलोंचाच मानते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं तेवढाच जोर उलटून धक्का देणाऱ्याला खाली दाबतो, म्हणजे त्याचे पाय १८० किलोंच्या माणसासारखे रुततात. पायांची पकड घर्षणावर आणि घर्षण भारावर अवलंबून असतं. सारख्याच वजनाची दोन माणसं, पण एकाचे पाय गवतात रुतलेले आणि दुसऱ्याचे सरकायला लागलेले. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. आणि सहा फूट पाऊण इंच उंचीच्या माणसाला खाली राहायला साडेसहा फुटी माणसाइतकं वाकावं लागत नाही.

लांब हातांचा फायदा खोटा नाही, हेही सांगायला हवं. ज्याचा तळवा आधी समोरच्याच्या छातीला लागतो, तो अंतर ठरवतो. आखूड हाताच्या माणसाला ती उणीव वेगानं आणि हातांच्या चपळाईनं भरून काढावी लागते. डोनाल्ड तेच करायचा. प्रशिक्षकाच्या हातात नकली सुऱ्या असायच्या, आणि अंगावर येणारा प्रत्येक हात तो झटक्यात उडवून लावायचा. आपल्याला अडवायला येणारा हात अंगाला लागण्याआधीच बाजूला करायची ही तालीम.

मोठा देह आणि चपळाई यांचं जुळत का नाही, याचं उत्तर गॅलिलिओच्या काळापासून माहीत आहे. शरीर सगळ्या बाजूंनी १० टक्के मोठं केलं, तर वजन ३३ टक्क्यांनी वाढतं, कारण ते आकारमानाबरोबर जातं. स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या आडव्या छेदाबरोबर जाते, आणि ती २१ टक्केच वाढते. म्हणजे प्रत्येक किलोमागची ताकद घटते. मोठा माणूस एकूण जास्त जोर लावू शकतो, पण स्वत:चंच वजन हलवायला त्याला जास्त वेळ लागतो. अडीच सेकंदांच्या कामात हा उशीर महागात पडतो.

आता त्या इंडियानापोलिसच्या चाचण्यांकडे वळू. दरवर्षी कॉलेजचे तीनशेहून अधिक खेळाडू तिथे बोलावले जातात. पुढे ड्राफ्ट होतो, म्हणजे लीगमधले संघ पाळीपाळीनं या नव्या खेळाडूंतून एकेक निवडतात; त्याआधीची ही पारख. उंची, वजन, पंजा, हात सगळं मोजतात. १०२ किलोंची दांडी छातीवरून किती वेळा उचलता ते मोजतात. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, पळायला लावतात. डोनाल्डनं दांडी ३५ वेळा उचलली आणि ४० यार्ड ४.६८ सेकंदांत कापले. त्या वजनाच्या माणसासाठी हा वेग थक्क करणारा आहे.

पण या शर्यतीत एक मेख आहे. घड्याळ सुरू होतं ते खेळाडू हलतो तेव्हा. बंदूक नाही, इशारा नाही, त्याच्या मनात येईल तेव्हा तो निघतो. प्रत्यक्ष सामन्यात बचावाच्या लाइनमनला चेंडू हललेला दिसावा लागतो, आणि मगच तो निघू शकतो. समोरच्यांना स्नॅप कधी होणार हे आधीच ठाऊक असतं. डोळ्यांनी पाहून शरीर हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. अडीच सेकंदांत हा भाग केवढा मोठा आहे पहा! आणि नेमका तोच त्या ४० यार्डांच्या धावेत मोजला जात नाही. शिवाय लाइनमन एका दमात ४० यार्ड पळतो तरी कधी? त्याची लढाई पहिल्या पाच-सात यार्डांत संपलेली असते.

चाचणी ठरलेली असली की तिचीच तयारी करता येते. १९९५ साली बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलानं या चाचण्यांचाच कसून सराव केला, तिथे सगळ्यांना चकित केलं आणि फिलाडेल्फिया ईगल्स संघानं त्याला ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर घेतलं. आज प्रत्येक खेळाडू असा सराव करून येतो, त्यामुळे आकडे सुधारले, पण त्यांतून कळणारं कमी झालं. २००८ मध्ये ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टननं दांडी ३७ वेळा उचलली, डोनाल्डपेक्षाही जास्त. न्यू यॉर्क जेट्सनं त्याला सहावा निवडला. त्यांच्याकडून तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक नाही. कॉलेजात तो रेषेच्या टोकाला हात टेकून खेळायचा. जेट्सनं त्याला उभं राहून खेळायच्या वेगळ्या जागेवर नेलं. याचा दोष मी त्या मुलाला देणार नाही. माणूस आणि त्याला दिलेलं काम, दोन्ही मिळून मूल्यमापन व्हायला हवं.

अर्ध्या चड्डीवर उभं करून, शंभर डोळ्यांसमोर माणसाचे हात-पाय मोजायचे, हे दृश्य मला दरवेळी बैलबाजाराची आठवण देतं, आणि ते बघवत नाही. मोजलं जाणारं शरीर बहुतेकदा कृष्णवर्णीय तरुणाचं असतं, हे अमेरिकेतही अनेकांना खुपतं.

८ मे २०१४ च्या संध्याकाळी न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ड्राफ्ट झाला. सेंट लुईस रॅम्स संघाकडे पहिल्याच फेरीत दोन संधी होत्या. दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी ऑबर्न विद्यापीठाचा ग्रेग रॉबिन्सन घेतला. त्याचं वजन ३३२ पौंड, म्हणजे दीडशे किलो, आणि तरी ४० यार्ड ४.९२ सेकंदांत! असा देह क्वचितच जन्माला येतो. पुढे बारावं नाव पुकारलं गेलं तरी डोनाल्ड शिल्लक होता. तेराव्या क्रमांकावर रॅम्सनंच त्याला घेतलं. रॉबिन्सनला तीन हंगामांनंतर संघानं दुसरीकडे पाठवून दिलं. निवडणारी माणसं तीच, संध्याकाळ तीच, समोरचे कागदही तेच. त्यांना तेराव्या निवडीसाठी द्रष्टे म्हणायचं, तर दुसऱ्या निवडीचं काय करायचं?

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. थेलर यांना पुढे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी साधा प्रश्न विचारला: एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरतो का? उत्तर आलं, निम्म्याहून थोड्याच जास्त वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी फार फरक पडला नसता. संघ मात्र आपल्या नजरेवर याहून कितीतरी जास्त भरवसा ठेवतात, आणि वरच्या क्रमांकासाठी भरमसाट किंमत मोजतात.

डोनाल्डच्या उदाहरणावरून 'उंचीला काही अर्थ नाही' असं कुणी म्हणू लागलं, तर तेही चुकेल. या लीगचं दार उघडायला दोन किल्ल्या आहेत: अफाट देह, नाहीतर अफाट खेळ. बुटका माणूस दारातून आत आला, याचाच अर्थ त्याचा खेळ अफाट असणार. त्यामुळे आत आलेल्यांकडेच पाहिलं तर बुटके उंचांइतकेच चांगले, कधी सरसही दिसतात. बाहेर राहिलेले हजारो बुटके आपल्याला दिसतच नाहीत. संख्याशास्त्रात याला बर्क्सनचा विरोधाभास म्हणतात. डोनाल्डच्या बाबतीत दुसरी किल्ली सगळ्यांसमोर होती. २०१३ च्या हंगामात पिट्सबर्ग विद्यापीठाकडून त्यानं ११ सॅक केले होते, आणि मोबील शहरात होणाऱ्या सीनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या सरावात एकास एक लढतींमध्ये समोरच्याला उभं राहू दिलं नव्हतं. ती लढत सामन्यातल्या कामाची हुबेहूब नक्कल असते. मला विचाराल तर मी मापाची टेप बाजूला ठेवून त्या लढतींचं चित्रण दहा वेळा पाहीन.

निवड झाल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते, आणि तिथे चाहते हमखास घाई करतात. नवा लाइनमन आला की सॅक मोजायला बसतात. सॅक फार विरळ असतो. समजा, एखाद्याची खरी कुवत हंगामाला ८ सॅकची आहे. निव्वळ योगायोगानं त्याचा आकडा पाचपैकी चार हंगामांत ५ ते ११ च्या दरम्यान कुठेही पडेल. पाचवाला 'फुकट गेला' आणि अकरावाला 'तारा' ठरतो, माणूस तोच. खुद्द डोनाल्डचे २०१६ पासूनचे आकडे पहा: ८, ११, २०.५, १२.५ (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा सॅक). दरवर्षी तो वेगळा माणूस होत नव्हता. क्वार्टरबॅकनं चेंडू किती वेळ धरला, शेजारच्यानं वाट अडवली की मोकळी केली, यावरही सॅक ठरतो.

म्हणून जास्त वेळा घडणारी गोष्ट मोजावी. क्वार्टरबॅकला नुसतं घाईवर आणणं, त्याला जागेवरून हलवणं, याला दबाव म्हणतात. चांगला लाइनमन हंगामात साठेक वेळा दबाव आणतो. विरळ घटनेचा योगायोगी डळमळीतपणा मोठा असतो: ८ च्या आकड्यात तो ३५ टक्क्यांचा, ६० च्या आकड्यात १३ टक्क्यांचा. आता खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि सेकंदाला दहा वेळा त्यांची जागा नोंदवते. त्यावरून अडीच सेकंदांच्या आत लाइनमननं आपल्या अडवणाऱ्याला मागे टाकलं की नाही, हे प्रत्येक चालीसाठी ठरवता येतं, मग सॅक होवो वा न होवो. त्याला एक अडवत होता की दोन, हेही दिसतं. डोनाल्डच्या अंगावर सतत दोन माणसं सोडली जायची. दुसरा माणूस त्याच्यापाशी अडकला की शेजारचा सहकारी मोकळा सुटायचा. ते यश डोनाल्डच्या नावावर कुठेच चढत नसे.

१३ फेब्रुवारी २०२२. इंगलवुडच्या सोफाय स्टेडियममध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. लॉस एंजेलिसला गेलेले रॅम्स सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध २३-२० नं पुढे, शेवटचं पाऊण मिनिट. चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला संघाला चार संधी मिळतात; बेंगल्सला त्यातला फक्त एक यार्ड हवा. आदल्या चालीत तोच यार्ड मिळवायला धावलेल्या खेळाडूला डोनाल्डनं तसूभरही सरकू दिलं नव्हतं. आता चौथी, शेवटची संधी. चेंडू हलला. डोनाल्डनं समोरच्याचे हात उडवले, त्याच्या बाजूनं आत शिरला आणि क्वार्टरबॅक जो बरोला पकडून गर्रकन फिरवलं. पडता पडता बरोनं चेंडू कसाबसा भिरकावला, तो रिकाम्या गवतावर पडला. डोनाल्ड हेल्मेट काढून धावत सुटला, हात वर करून विजेत्याची अंगठी जिथे येते ते बोट दाखवत. अधिकृत नोंदीत त्या चालीवर सॅक नाही. चेंडू हातून सुटला होता ना!