लिटरे ह्युमॅनिओरेस : ऑक्सफर्डचा ग्रीक-लॅटिन अभ्यासक्रम

ऑक्सफर्ड विद्यापीठातील ग्रीक व लॅटिन भाषा, वाङ्मय, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. या लॅटिन नावाचा अर्थ ‘अधिक मानवी विद्या’. देवाधर्माच्या विद्येहून वेगळी ती मानवी विद्या, असा त्यातला रोख आहे. एवढे लांबलचक नाव रोजच्या बोलण्यात कोणी घेत नाही. एकूण विषयाला ‘क्लासिक्स’, अभ्यासक्रमाच्या पूर्वार्धाला ‘मॉड्स’ आणि उत्तरार्धाला ‘ग्रेट्स’ म्हणतात. मराठीत या विद्येला ‘अभिजात’ हे विशेषण लावण्याची पद्धत आहे. मराठीला २०२४ साली मिळालेला अभिजात भाषेचा दर्जा ही शासकीय मान्यता आहे; त्या अर्थाची येथे गल्लत करू नये.

परंपरागत रचनेत एकूण बारा सत्रे असतात, प्रत्येक सत्र आठ आठवड्यांचे. पहिल्या पाच सत्रांच्या शेवटी मॉड्सची परीक्षा, उरलेल्या सात सत्रांनंतर ग्रेट्सची. मॉड्समध्ये भर भाषेवर आणि काव्यावर. होमरचे ग्रीक महाकाव्य ‘इलियड’ चोवीस सर्गांचे, पंधरा हजारांहून अधिक ओळींचे. व्हर्जिलचे लॅटिन महाकाव्य ‘ईनीड’ सुमारे दहा हजार ओळींचे. हे ग्रंथ मुळातून वाचलेले असावेत अशी अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या राहिली. शिवाय कधी न पाहिलेला उतारा समोर ठेवून त्याचे भाषांतर करायला लावतात. त्याहून अवघड उलटा प्रकार, म्हणजे इंग्रजी उतारा ग्रीक किंवा लॅटिन गद्यात उतरवणे. पूर्वी पद्यातही उतरवावा लागे. वाक्य नुसते शुद्ध असून भागत नसे. सिसेरो या रोमन वक्त्याने ते तसे लिहिले असते का, हे पाहिले जाई.

ग्रेट्समध्ये मात्र भाषा हे साधन होते. विद्यार्थी तत्त्वज्ञान, ग्रीस-रोमचा इतिहास, पुरातत्त्व, वाङ्मय आणि भाषाशास्त्र यांतून आठ विषय निवडतो. प्लेटो ग्रीकमधून वाचणारा विद्यार्थी त्याच परीक्षेत आधुनिक तर्कशास्त्राचाही पेपर देऊ शकतो. या अभ्यासक्रमाचे खरे वैशिष्ट्य हेच आणि अनेकांची दांडीही येथेच उडाली. ए. ई. हाउसमन या विद्यार्थ्याला मॉड्समध्ये १८७९ साली पहिला वर्ग मिळाला आणि १८८१ साली ग्रेट्समध्ये तो चक्क नापास झाला. प्रोपर्टियस या रोमन कवीच्या पाठशुद्धीत, म्हणजे हस्तलिखितांतील चुका काढून मूळ शब्द ठरवण्यात, तो रमला होता. इतिहास-तत्त्वज्ञानाकडे त्याने पुरेसे लक्ष दिले नाही. पुढे लंडनच्या पेटंट कचेरीत दहा वर्षे कारकुनी करत त्याने फावल्या वेळात लेख लिहिले. त्या लेखांच्या बळावर १८९२ साली तो लंडनमध्ये आणि १९११ साली केंब्रिजमध्ये लॅटिनचा प्राध्यापक झाला. इंग्लंडने पाहिलेला बहुधा सर्वांत तल्लख लॅटिन पंडित ऑक्सफर्डच्या लॅटिन-ग्रीक पदवीत नापास, हे परीक्षेचे अपयश की विद्यार्थ्याचे, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येते.

शिकवण्याची मुख्य पद्धत ‘ट्यूटोरियल’. एक अध्यापक, समोर एकदोन विद्यार्थी, आणि आठवड्याभरात लिहिलेला निबंध. निबंधातले प्रत्येक विधान कुठल्या मूळ उताऱ्यावर उभे आहे, हे तिथेच विचारले जाते.

ऑक्सफर्डमध्ये ग्रीकचे पाय रोवले ते १५१७ साली स्थापन झालेल्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजमुळे. तिथे ग्रीकसाठी स्वतंत्र व्याख्याता नेमला गेला, हे त्या काळी नवलाचे होते. आधुनिक परीक्षापद्धती १८०० सालच्या नियमांतून आली. रॉबर्ट पील याने १८०८ साली अभिजात विद्या आणि गणित या दोन्हींत पहिला वर्ग मिळवला, ग्लॅडस्टन याने १८३१ साली. दोघेही पुढे पंतप्रधान झाले. मॉड्स आणि ग्रेट्स अशी विभागणी १८५० नंतरची. १९२० पर्यंत कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला ऑक्सफर्डमध्ये थोडे तरी ग्रीक यावेच लागे. स्त्रियांना तिथे पदवी मिळू लागली तीही त्याच वर्षी. लॅटिनची प्रवेशअट १९६० साली गेली.

भारताशी या अभ्यासक्रमाचा संबंध सत्तेच्या वाटेने आला. सनदी नोकरीसाठी खुली परीक्षा घेण्याची योजना मेकॉले याच्या समितीने १८५४ साली मांडली. ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजचा ग्रीक पंडित बेंजामिन जोवेट त्या समितीत होता. गुणांची वाटणी पाहण्यासारखी आहे : ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, संस्कृत ३७५, अरबी ३७५. ज्या देशावर राज्य करायचे त्याच्या विद्येला अथेन्स-रोमच्या निम्मे मोल. परीक्षा लंडनला. म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधराला ती घरची, आणि पुण्या-मुंबईच्या मुलाला समुद्र ओलांडून परक्याच्या पाठांतराशी झुंज. तरी १८६३ साली सत्येंद्रनाथ ठाकूर त्यातून निवडले गेले. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. अरविंद घोष १८९० साली लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, मग केंब्रिजला हीच विद्या शिकले आणि घोडेस्वारीच्या चाचणीत अडले. १८९३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात नोकरीला आले.

दुसरा धागा याहून जुना आणि अधिक गोड आहे. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळती आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात हा संबंध जगापुढे मांडला, त्याच्या दोनशे वर्षे आधी मराठीत ओवी रचणाऱ्या या पाद्र्याच्या तो लक्षात आला होता.

शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी वाचकाला हे व्याकरण त्यामुळेच अगदी अनोळखी वाटत नाही. ग्रीकमध्ये द्विवचन आहे. आत्मनेपदाचा सख्खा भाऊ शोभेल असा क्रियापदाचा प्रयोग आहे. भूतकाळी रूपाआधी ‘अ’ लागावा तसा ग्रीकमध्ये ‘ए’ लागतो : संस्कृत ‘अभरम्’, ग्रीक ‘एफेरोन’. लॅटिनचे ‘डोनुम’ म्हणजे आपले ‘दानम्’. लॅटिनमध्ये विभक्ती कमी. तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकाच रूपात गोळा झाली आहे. ‘अमुक झाले असता’ हा अर्थ सांगणाऱ्या सति सप्तमीने ज्यांना घाम फोडला, त्यांनी ध्यानात ठेवावे, की तेच काम लॅटिनमध्ये पंचमी करते आणि ग्रीकमध्ये षष्ठी. नवख्याला खरा त्रास होतो तो ग्रीक क्रियापदांचा. अनेक धातूंची रूपे प्रत्येक काळात नवा अवतार घेतात, तिथे तक्ते घोकण्यावाचून इलाज नाही.

आता ही घोकंपट्टी विद्यापीठात येऊनही सुरू करता येते. शाळेत दोन्ही भाषा शिकलेल्यांसाठी एक वाट, एकच शिकलेल्यांसाठी दुसरी, काहीच न शिकलेल्यांसाठी तिसरी. एकेकाळी खर्चिक खाजगी शाळांतून आलेल्या मुलांचीच ही मिरास होती, ती पुरती मोडली असे म्हणता येणार नाही. पण दार किलकिले झाले आहे.

विद्यापीठाच्या पदरी अजून न संपलेले एक काम आहे. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजचे संशोधक ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९६ ते १९०७ या काळात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस येथील प्राचीन उकिरडे उपसले आणि पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे, लाखो तुकडे ऑक्सफर्डला आणले. त्यांत ग्रीक कवयित्री सॅफोच्या हरवलेल्या ओळी आणि ग्रीक नाटककार मिनँडरच्या नाटकांचे अंश निघाले. बहुसंख्य तुकडे मात्र करपावत्या, भाडेकरार, तक्रारअर्ज आणि घरगुती पत्रे. पहिला खंड १८९८ साली निघाला, आजवर ऐंशीहून अधिक खंड झाले, तरी बहुतेक तुकडे अप्रकाशितच आहेत.