आक्षेपार्ह मजकूर वेगळा, चिथावणी वेगळी

‘आक्षेपार्ह पोस्टमुळे तणाव’ ही बातमी आपण इतक्यांदा वाचतो, की पोस्ट आणि तणाव यांच्या मधे कुणीतरी दगड उचललेला असतो हे लक्षातच येत नाही.

आक्षेपार्ह मजकूर वाचणाऱ्याला राग येतो, किळस वाटते, त्याच्या भावना दुखावतात. चिथावणी ऐकणाऱ्याला कामाला लावते: अमक्याला मारा, तमक्याचं घर जाळा, आत्ता निघा. पहिल्यात तक्रार करणारा वाचक स्वतःच असतो. दुसऱ्यात मार खाणारा भलताच कुणी असतो, आणि त्याने ते शब्द ऐकलेलेही नसतात.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, माणसं रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला? मैत्रिणीने लाइक केलं. दोघींना अटक झाली, ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश पाठवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ लागलं. तिकडे जमावाने पोस्ट लिहिणाऱ्या तरुणीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला. पोस्टमध्ये कुणाला काही करायला सांगितलेलंच नव्हतं. तोडफोड केली ती पोस्ट न आवडलेल्यांनी. ‘पोस्टच नसती तर दवाखाना वाचला असता’ म्हणणारे तेव्हाही होते. असेलही, पण हा न्याय लावला तर कुणी काय बोलायचं हे सर्वांत आधी दगड उचलणारा ठरवणार.

हेच प्रकरण पुढे या कलमाला आव्हान देणाऱ्या श्रेया सिंघल खटल्यात पोहोचलं आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 66अ रद्द केलं. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या न्यायालयाने सांगितल्या. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी चालतील. बंधनाचा प्रश्न येतो तो तिसरीवर. (अश्लीलता, बदनामी यांची कलमं निराळी, ती राहिलीच.)

चिथावणी कशी असते ते रवांडात दिसलं. 1994 च्या नरसंहारात हुतू कट्टरपंथीयांच्या आरटीएलएम रेडिओने अल्पसंख्याक तुत्सी समाजातल्या माणसांची नावं आणि ठावठिकाणे सांगितले, आणि मारेकरी तिथे पोहोचले. हे प्रसारण वेळीच बंद पाडलं असतं तर जीव वाचले असते, हे मला पटतं. अडचण एवढीच, की त्याआधी कित्येक महिने तोच रेडिओ तुत्सींना झुरळं म्हणून हिणवत होता. ते नुसतं आक्षेपार्ह होतं की तयारी? सीमारेषा आहे, पण ती नेहमी ठळक नसते.

नुसत्या किळसवाण्या मजकुरावरची बंदी उठवली तर गुन्हे वाढतात का? डेन्मार्कने 1967 मध्ये लैंगिक मजकुरावरची आणि 1969 मध्ये चित्रांवरची बंदी काढली. गुन्हेशास्त्रज्ञ बर्ल कुचिन्स्की यांनी पोलिसांच्या नोंदी तपासल्या. लैंगिक गुन्ह्यांचा पूर आला नाही. काही प्रकार घटले, त्यातही काही घट केवळ लोक तक्रार करेनासे झाल्यामुळे. बलात्काराच्या नोंदींत ठळक फरक पडला नाही.

चिथावणी सिद्ध करायला कोण, कुणाला, काय करायला सांगत होता हे दाखवावं लागतं. आक्षेपाला एक चिडलेला तक्रारदार पुरतो. म्हणूनच रद्द झालेलं 66अ पोलीस पुढेही वर्षानुवर्षं लावत राहिले, आणि या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं.