जुन्या स्पोर्ट्‌स कारचं सस्पेन्शन बदलताय? ब्रिटनमधली एमओटी सवलत कशी टिकवायची

ब्रिटनमध्ये गाडीला ४० वर्षं पूर्ण झाली की दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या सक्तीच्या तपासणीतून, तिला सूट मिळते. २० मे २०१८ पासून हा नियम लागू आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि सस्पेन्शनचं काम काढणाऱ्याने ती किट मागवण्याआधीच वाचायला हवी. मागच्या ३० वर्षांत गाडीत ‘मोठा बदल’ झालेला नसावा. सस्पेन्शनचा प्रकार किंवा त्याची पद्धत बदलली, तर सरकारी सूचना तो मोठा बदल मानतात.

त्यामुळे पहिला प्रश्न असा: तुम्ही नुसता भाग बदलताय की प्रकारच? १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी घ्या. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि धक्के शमवणारे जुन्या पद्धतीचे लिव्हर आर्म शॉकॲब्जॉर्बर. पाटे दबलेत म्हणून तसेच नवे घातले, सांध्यांतल्या रबरी बुशच्या जागी पॉलियुरेथेनचे घातले, तेल गळणारे शॉकॲब्जॉर्बर दुरुस्त करून घेतले, तर प्रकार तोच राहतो. पण मागचे पाटे काढून तिथे लिंक (एक्सल धरणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग बसवल्या, तर गोष्ट वेगळी. पाट्याचं काम नुसतं धक्का झेलण्याचं नसतं, एक्सलला जागेवर धरून ठेवणाराही तोच असतो. तो काढला की पद्धतच बदलते.

तरीही इथे दार बंद होत नाही. मूळ पद्धतीचे भाग आता सहज मिळत नाहीत म्हणून, गाडी टिकवण्यासाठी केलेला बदल चालतो. ते मॉडेल बनत होतं तेव्हा किंवा उत्पादन थांबल्यावर दहा वर्षांच्या आत तसा बदल केला जात होता, हे दाखवता आलं तरी चालतं. एमजीबीसाठी ही मुदत १९९० पर्यंत येते. शिवाय एक्सल आणि चाकांच्या यंत्रणेत सुरक्षितता, कार्यक्षमता किंवा पर्यावरणाच्या दृष्टीने केलेली सुधारणाही मान्य आहे.

ट्रायम्फ स्पिटफायरच्या उदाहरणातून हे नीट कळतं. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचं बाहेरचं चाक आत दुमडायचं. कंपनीनेच मार्क फोर या नंतरच्या आवृत्तीत मागचा आडवा पाटा मधोमध फिरता ठेवला आणि हा दोष बराच आटोक्यात आणला. तोच पाटा जुन्या स्पिटफायरला बसवणाऱ्याकडे त्या काळाचा आधारही आहे आणि सुरक्षिततेचं कारणही. सुरक्षिततेची तरतूद सैल वाटते, म्हणून कुठल्याही बदलाला ती लावायचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: कागदी पुरावा नसेल तर तिच्यावर विसंबू नका.

कारण यात निर्णय मालकाचा असतो आणि सहीही मालकाचीच. एमओटीच्या सवलतीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. गाडीचा टॅक्स भरताना, ऑनलाइन असो वा पोस्टात, गाडीत मोठा बदल झालेला नाही असं तुम्ही जाहीर करता. पोस्टात त्यासाठी व्ही११२ फॉर्म भरतात. मनात शंका असेल तर आधी त्या मॉडेलच्या क्लबमधल्या जाणकाराला विचारा. तरीही ती फिटली नाही, तर सूट न घेता सरळ एमओटी करून घ्या.

४० वर्षं जुन्या गाडीला टॅक्सही माफ होतो, पण ती वेगळी बाब आहे, आणि बरेच जण इथेच गोंधळतात. एमओटीची ४० वर्षं पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, टॅक्सची माफी मात्र १ एप्रिललाच सुरू होते. १९८५ मध्येच बनलेली आणि १० जुलै १९८५ ला नोंदलेली गाडी १० जुलै २०२५ ला एमओटीतून सुटली, पण टॅक्सची माफी १ एप्रिल २०२६ पासून. ती पहिल्यांदा घेताना टॅक्सचं काम करणाऱ्या पोस्टात जावं लागतं. सोबत तुमच्या नावावरचं व्ही५सी म्हणजे लॉगबुक, आणि चालू एमओटी प्रमाणपत्र किंवा भरलेला व्ही११२ न्या. उत्तर आयर्लंडमध्ये विम्याचा कागदही लागतो. लॉगबुक हरवलं असेल तर आधी व्ही६२ भरून नवं मागवा. माफी मिळाली तरी दरवर्षी शून्य रकमेचा टॅक्स भरावाच लागतो. गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर ही माफी नाही.

पोस्टाच्या खिडकीवर कोणी मागणार नाही, पण एक फाइल मात्र जरूर ठेवा. सुट्या भागांच्या पावत्या, त्या काळातल्या कॅटलॉगचं पान, मूळ भाग मिळत नसल्याचं विक्रेत्याचं पत्र. आणि फोटो: जुना भाग निघण्याआधीचा, नंतरचा, आणि नवा ब्रॅकेट चेसिसला बोल्टने धरलाय की वेल्डिंग केलंय हे स्पष्ट दिसेल असा जवळून काढलेला. विमा कंपनीला हा बदल लेखी कळवा, काम सुरू होण्याआधी.

सूट तपासणीची आहे, गाडी धडधाकट ठेवण्याची नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड, तीन पेनल्टी पॉइंट आणि वर गाडी चालवण्यावर बंदीही येऊ शकते. म्हणून सस्पेन्शनला हात लावला की सूट असूनही एकदा एमओटी करून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. त्याआधी रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर भार आल्यावरच शेवटचे आवळा. हवेत लोंबकळत असताना आवळले तर रबर पीळ बसलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग व्हील अलाइनमेंट, आणि शे-दीडशे मैल चालवून झाल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा एकदा तपासा.