चित्र सुरू करण्याआधी: ॲपमध्ये कॅनव्हास केवढा घ्यावा?

आमच्याकडे प्रिंट काढायला आठवड्यात दोन-तीन जण तरी असे येतात. चित्र सुरेख असतं, फाइल मात्र १०८० बाय १०८० पिक्सेलची, म्हणजे तेवढ्याच बारीक ठिपक्यांची. इन्स्टाग्रामसाठी काढलेलं, आता भिंतीवर १८ बाय १८ इंचांचं हवं. आम्ही नको म्हटलं की घरी जाऊन सेटिंगमध्ये ७२चे ३०० डीपीआय करून तीच फाइल परत आणतात.

नुसता तो आकडा बदलून काही होत नाही. एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, एवढंच तो सांगतो. पिक्सेल तेवढेच राहतात. ३०० धरले तर १०८०चं चित्र साडेतीन इंचांच्या आसपास संपतं. १८ इंचांवर ताणलं तर इंचाला ६०च पिक्सेल येतात. ॲपला पिक्सेल वाढवायला सांगितलंत, तर मधले रंग ते अंदाजाने भरतं. परवा एका विठ्ठलाच्या डोळ्याची काळीभोर रेघ कडेला करडी झाली, दुधावर साय धरावी तशी. दोष मशीनचा नव्हता.

म्हणून प्रिंट केवढी हवी ते आधी ठरवा आणि इंचांना ३००ने गुणा. ए४ला २४८० बाय ३५०८, १२ बाय १८ला ३६०० बाय ५४००. कापडी कॅनव्हासवर छापायला इंचाला १५० ते २०० पिक्सेल पुरतात, विणीत बारीक उणीव लपते. पण चौकटीवर दुमडायला चारही बाजूंना दीड-दीड इंच जादा लागतो, म्हणजे १६ बाय २० इंचांच्या चित्राला १९ बाय २३ इंचांची फाइल. सही अगदी कोपऱ्यात केलीत तर ती दुमडीत जाते. मंडळाचा फ्लेक्स लांबून बघायचा, त्याला ७२ चालतात.

ॲपमध्ये मोठ्या कॅनव्हासवर लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, कमी मिळतात, ही तक्रार खरी आहे. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये तर आयपॅडच्या मेमरीवरच ते ठरतं. काम झालेले लेअर एकत्र करा, आधी प्रत ठेवून. माप ठरत नसेल तर मोठंच घ्या.

आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छपाईआधी आम्ही सगळ्यात बारीक कामाची चार इंचांची पट्टी खऱ्या मापात काढून दाखवतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. तिचे पैसे घेत नाही. मात्र पट्टी बघून हो म्हटल्यावर प्रिंट परत घेत नाही.

दुमडीची रेघ आखलेल्या कोऱ्या फाइली तयार ठेवल्या आहेत. मागा, पाठवतो. प्रिंट आमच्याकडेच करा असं काही नाही, बहुतेक जण करतात.