कमला सोहोनी आणि कमल रणदिवे : एकीचे किस्से दुसरीच्या नावावर खपवू नका

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आणि पाठोपाठ महिला दिन. या आठ-दहा दिवसांत वाशी-नेरूळपासून ऐरोलीपर्यंत शाळांच्या फलकांवर, सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि मंडळांच्या व्याख्यानांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘रामन यांनी प्रवेश नाकारला म्हणून सत्याग्रह करणाऱ्या आणि पुढे कर्करोगावर संशोधन करून पद्मभूषण मिळवणाऱ्या डॉ. कमला रणदिवे.’ अशी बाई कधी झालीच नाही. सत्याग्रह कमला सोहोनींचा. कर्करोगावरचं संशोधन आणि पद्मभूषण कमल रणदिवेंचं.

नवी मुंबईत ही चूक ऐकली की मला जास्तच झोंबतं. वाशीत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनची इमारत आहे. नोकरदार मुलींचं वसतिगृह आणि पाळणाघर चालवणारी ही संघटना १९७३ साली ज्यांनी उभी केली, त्यांत कमल रणदिवे पुढे होत्या. खारघरला टाटा मेमोरियलचं जे संशोधन केंद्र आहे, त्याची पाळंमुळंही रणदिवेंनी परळला ज्या संस्थेत हयात घालवली तिथपर्यंत जातात. म्हणजे ही बाई आपल्या गावाशी जोडलेली आहे, आणि तिला ओळखताना आपण दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगतो.

सोहोनींचा किस्सा तुम्हाला पाठ असेल, म्हणून थोडक्यात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे गेल्या. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत, दाराबाहेर सत्याग्रहाला बसल्या. मग एक वर्ष पारखून घेऊ, तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशा अटींवर प्रवेश मिळाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, म्हणून तो नकार आणखी जिव्हारी लागला असणार. रणदिवे त्या वर्षी पंधरा वर्षांच्या होत्या आणि पुण्यात होत्या. रामन यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही. रणदिवेंच्या घरातला पेच वेगळाच होता. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसनमध्ये शिकवणारे. मुलीने डॉक्टरकी शिकावी आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही केलं नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. एक कमला, दुसरी कमल. एकीचा जन्म इंदूरचा, १९११ सालचा; दुसरीचा पुण्याचा, १९१७ सालचा. सोहोनी माहेरच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाईंची धाकटी बहीण; रणदिवे माहेरच्या समर्थ. गूगलच्या पानावर दोघींची चित्रं झळकली, रणदिवेंचं नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि सोहोनींचं जून २०२३ मध्ये. तेव्हापासून ती दोन्ही चित्रं कोणाच्याही नावाखाली फिरतात. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या बाईंचं चित्र रणदिवेंचं.

खरी गफलत होते ती लग्न आणि पदवी यांच्या क्रमात, आणि त्यापायी दोघींचं खाजगी आयुष्य उलटंपालटं सांगितलं जातं. म्हणून एकच साल लक्षात ठेवा : १९३९. त्या वर्षी सोहोनी केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. त्याच वर्षी १३ मे रोजी कमल समर्थ यांचं गणिती ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं. एकीचं शिक्षण संपलं तेव्हा दुसरीचं संशोधन सुरूही झालं नव्हतं.

सोहोनींच्या बाजूने पाहा. केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम केलं, चौदा महिन्यांत जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध दिला. तिथून परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. हे सगळं कमला भागवत या नावाने, लग्नाआधी. १९३९ साली ‘नेचर’मध्ये सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनातल्या विकरावर जो लेख आला, त्यावर केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबिन हिल यांच्या शेजारी नाव आहे ते भागवत. सोहोनी या नावाने त्या काळातलं काही शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. १९४७ साली त्यांनी मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न केलं. ते विमागणिती, म्हणजे विम्याच्या जोखमीचे हिशेब मांडणारे. तोवर कमलाबाईंची पस्तिशी उलटली होती, त्या काळच्या हिशेबाने फारच उशीर. या लग्नासाठी त्यांनी कुन्नूर सोडलं आणि मुंबईला येऊन रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला लागल्या. म्हणजे मुंबई त्यांच्या आयुष्यात परत आली ती बनत आलेली वाट सोडून. पुढे त्याच संस्थेचं संचालकपदही त्यांना मिळायला अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षं थांबावं लागलं.

आता रणदिवे. एकविसाव्या वर्षी लग्न, मग मुंबई. एम.एस्सी. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि आनुवंशिकता. पीएच.डी. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची, डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली. त्यानंतर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचं प्रशिक्षण. माहेरच्या नावाने त्यांचं फक्त बी.एस्सी. झालं. बाकी सगळं रणदिवे म्हणून, लग्नानंतर. मुंबई इथे सुरुवात आहे.

आता महिला दिनाची भाषणं आठवा. ‘संसार सांभाळून डॉक्टरेट’ हे वाक्य सोहोनींच्या वाट्याला सर्रास येतं. ते धादांत चूक आहे, कारण डॉक्टरेट झाली तेव्हा संसार नव्हताच. रणदिवेंच्या बाबतीत ते अर्धं बरोबर आहे, आणि मला ते तरीही खटकतं. पदव्युत्तर अभ्यासात नवऱ्याने त्यांना भरघोस मदत केली, हे नोंदलेलं आहे. ‘संसार सांभाळून’ म्हटलं की ती मदत गायब होते आणि बाईच्या डोक्यावर फक्त दोन ओझी दिसतात. १९४० च्या दशकात बायकोला शिकायला मदत करणारा गणिताचा माणूस भाषणात एका वाक्याचा तरी हक्कदार आहे.

कामाचा फरकही याच क्रमाला चिकटून सांगते, कारण ‘कर्करोगतज्ज्ञ सोहोनी’ हेही मी फलकावर वाचलेलं आहे. सोहोनींचा विषय जीवरसायन. बटाट्याच्या ऊतींत त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्याला पोचवणारं हे लोहयुक्त प्रथिन. हेच रसायन वनस्पतींच्या पेशींतही आहे, म्हणजे श्वसनाची यंत्रणा प्राणी आणि झाडं यांत मुळातून सारखी आहे, असा त्याचा अर्थ. रामन यांचा किस्सा दर वर्षी सांगतात आणि हा बटाटा कोणी सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो. मुलांना दाराबाहेर बसलेली बाई कळते, पण दार उघडल्यावर तिने आत काय केलं ते कळत नाही.

रणदिवेंचा विषय पेशी आणि उंदीर. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवायच्या तर पोषक द्रव, नेमकं तापमान आणि कमालीची निर्जंतुकता लागते. जिवाणूंचा शिरकाव झाला की अख्खं संवर्धन वाया. परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली मानली जाते. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर काम करून स्तनाचा कर्करोग, संप्रेरकं, आनुवंशिकता आणि अर्बुदाचा (गाठीचा) विषाणू यांचं एकमेकांशी नातं काय, हे त्या तपासत राहिल्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. १९८२ चं पद्मभूषण या कामासाठी.

‘पहिली’ हा शब्दही जपून वापरा. सोहोनी विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री असं सगळे लिहितात, पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांनी मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी., म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट, १९३१ सालीच घेतली होती. निदान १९४९ च्या रणदिवेंना तरी हा किताब चिकटवू नका.

एका ठिकाणी मात्र दोघींची सरमिसळ झाली तर मी समजून घेईन. कुपोषित आदिवासी मुलांसाठी दोघींनीही काम केलं. नीरा असेल तर सोहोनी : राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह तपासलं, कुपोषित किशोरवयीन मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात ती दिल्याने तब्येत सुधारते हे दाखवलं आणि राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. अकोले-राजूर असेल तर रणदिवे : नगर जिल्ह्याच्या त्या डोंगरी भागात मुलांच्या पोषणावर आणि गावातल्या बायकांच्या आरोग्यशिक्षणावर त्या काम करत होत्या. अन्नातली भेसळ आणि ग्राहकांचे हक्क यांवरचे लेख मात्र सोहोनींचे. १९८२-८३ मध्ये त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष होत्या.

आणखी एक धागा आहे, तो ठाऊक असला तर फलक लिहिताना हात थांबेल. रामन मोठे शास्त्रज्ञ असले तरी मनाने कोते होते, त्यांनी दिलेली वागणूक मी विसरू शकत नाही, हे सोहोनी उतारवयात जाहीरपणे बोलल्या ते महिला वैज्ञानिकांच्या वाशीतल्या याच संघटनेने केलेल्या सत्कारात. संघटना रणदिवेंनी सुरू केलेली, बोलणाऱ्या सोहोनी. भाषणाची बातमी आणि संघटनेची माहिती एकाच परिच्छेदात कोंबली की पुढचा माणूस दोन बायकांची एक करून मोकळा होतो. वाशीतल्या शाळांना तर ही इमारत शेजारचीच. फलक रंगवायच्या आधी तिथे एकदा विचारून यायला काय हरकत आहे?