नागिणीची जुळणी

अंगावर नागीण उठली की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, तिचं तोंड नि शेपूट जुळलं तर माणूस दगावतो. तसं काही नसतं. हे फोड शरीराच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठतात. वेढा सहसा पुरा होतच नाही. जुळणी होते ती आत, कातडीच्या पेशींची.

ती बघायला मोठी सामग्री लागत नाही. ताज्या फोडाचा तळ हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पसरायचा, वर गिम्साचा रंग. मायक्रोस्कोपखाली एकाच थोराड पेशीत कितीतरी केंद्रकं एकमेकांना चेपून बसलेली दिसतात. अर्नो त्झांक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं १९४७ साली मांडलेली ही तपासणी आजही केली जाते. मात्र विषाणू नागिणीचा की ओठावर फोड आणणारा त्याचा भाऊबंद, हे तीत कळत नाही. दोघेही हर्पिस कुळातले, पेशी जुळवायची खोड तीच.

खोडीचं मूळ आहे जीबी नावाच्या प्रथिनात (मोबाइल डेटावालं नव्हे). विषाणूला पेशीत शिरायचं तर आपलं आवरण तिच्या आवरणात मिसळावं लागतं. जीबी समोरच्या आवरणात टोक खुपसतं आणि स्वतःवरच दुमडतं; त्या ओढीनं दोन्ही आवरणं एकमेकांना भिडतात. जीएच-जीएल ही प्रथिनांची जोडी त्याला साथ देते. आता गंमत अशी, की लागण झालेली पेशी हीच प्रथिनं बनवते आणि त्यातली काही तिच्या पृष्ठभागावर येतात. मग ती पेशीच शेजारणीला चिकटते, मधली भिंत जाते, आणि विषाणू बाहेरच्या प्रतिपिंडांना चुकवून आतल्या आत पलीकडे पोचतो.

मग सगळीच कातडी एकजीव का होत नाही? कारण या प्रथिनांना लगाम आहे. जीबी आणि जीएच यांची पेशीच्या आत राहिलेली शेपटं त्यांना आवरून धरतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नागिणीच्या विषाणूत या शेपटांमध्ये बदल केले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी बेफाम जुळत सुटल्या. तोच विषाणू उंदरांच्या अंगात रुजवलेल्या माणसाच्या कातडीत सोडला, तर तिथे तो मूळ विषाणूपेक्षा कमीच पसरला! मला यात सगळ्यात नवल वाटतं ते याचंच: बशीत जो दांडगा, तो कातडीत लुळा.

कर्करोगावर मात्र उलटा डाव खेळला जातोय. हर्पिसच्या सुधारित विषाणूत गिबन माकडाच्या एका विषाणूचं जुळणी करणारं प्रथिन मुद्दाम घालतात, गाठीतल्या पेशी एकमेकींत मिसळून मराव्यात म्हणून.